गोल सही

घरमालकीण शेवडेबाई विचारतात,
"पीएचडी झाली ना तुमची? मग हे पोस्टडॉक म्हणजे काय,
तिचं वर्षश्राद्ध?"
मी हसते. करार दोन वर्षांचा,
त्यातले एकोणीस महिने सरले.
उरलेल्या पाचांत
मला एक कागद वाचून संपवायचाय.

कागद असा:
जपानातल्या एका डोंगरी गावची सदतीस कुळं,
भात करपलेलं, सारा तेवढाच.
त्यांनी सरकारात अर्ज लिहिला
आणि सह्या केल्या गोल,
मधे रिकामी जागा, भोवती नावं,
उघडलेल्या कागदी छत्रीच्या काड्यांसारखी.
आपल्याकडे पहिल्या नावाला मान असतो.
तिथे पहिल्या नावाची मान जायची.
म्हणून त्यांनी पहिलं नावच ठेवलं नाही.

अक्षर वाहतं, हात उचललेलाच नाही.
सकाळी पुराभिलेखागारात शेजारच्या टेबलावर
गोरक्ष ढमढेरे मोडीचे रुमाल सोडतात,
एक रुमाल नाकाला.
माझ्या छायाप्रतीत डोकावून म्हणाले,
"आमच्याच वळणाचं दिसतंय. काय म्हणतंय?"
म्हटलं, सारा माफ करा म्हणतंय.
"मग आमच्याच वळणाचं,"
आणि परत धुळीत शिरले.

संध्याकाळी साडेपाचला माझा तास.
अकरा पोरं. सातांना हिंजवडीत नोकरी हवी,
भाषेची पुढची परीक्षा सुटली की पगार वाढतो,
इतिहास फक्त वेळापत्रकात बसला.
एकाला तलवारी हव्यात.
मी तलवारी देत नाही.
त्या दिवशी बाकं भिंतीला लावली,
कागद मधल्या टेबलावर ठेवला, म्हटलं, वाचा.
वाचायचं तर कागद फिरवावा
नाहीतर आपण फिरावं.
पोरं फिरली. प्रदक्षिणाच ती,
मधे देव नसलेली.
वहिदा आतार मधेच थांबली,
मागचे दोघे तिच्यावर आदळले.
"मॅडम, पण पहिली सही कुणीतरी केलीच असेल ना?
कोरा कागद, आणि एकच हात?"
पंखा कुरकुरत राहिला.
एकोणीस महिन्यांत
हा प्रश्न मला पडला नव्हता.

मार्चात फळ्यावर नोटीस लागली:
किमान पंधरा विद्यार्थी नसलेले वर्ग
पुढच्या वर्षी बंद.
मी वाचली, पाणी प्यायले.
कंत्राटी माणसानं मत घरी ठेवून यावं.

चार दिवसांनी ऑफिसातून बोत्र्यांनी हाक मारली.
"हे काय मॅडम? अर्ज आहे की रांगोळी?"
कँटीनची ताटली उपडी घालून आखलेलं वर्तुळ,
एका बाजूला तेलाचा डाग,
भोवती अकरा नावं.
दोघांनी जपानी अक्षरांत केलेली,
त्यात एकाची रेघ चुकलेली. (किती वेळा सांगितलं त्याला.)
तलवारीवाल्याचंही नाव होतं.
"आवक रजिस्टरात एकच रकाना आहे,
अर्जदाराचं नाव. कुणाचं घालू?"

मी कागद फिरवला. पुन्हा फिरवला.
हाच तर माझा धंदा,
शाई कुठे दाटली, लेखणी कुठे बिचकली.
मग उलटा केला आणि पाठीवरून बोट नेलं.
एक सही बाकीच्यांहून खोल गेली होती,
बोटाला लागत होती.
कळलं मला.

त्या सदतीसांचंही कळलं असतं कदाचित,
पण अस्सल कागद तिकडे, पेटीत.
माझ्याकडे छायाप्रत,
आणि छायाप्रतीला पाठ नसते.
पहिल्यांदा वाटलं, बरंय नसते ते.

बोत्रे पेन उघडून थांबलेले.
"सांगा ना. सुरुवात कुणी केलीय?"
"वाचता येत नाही," मी म्हटलं,
"अक्षर फार जुनं आहे."

बोत्र्यांनी अर्जाकडे पाहिलं,
ठळक निळ्या देवनागरीकडे,
मग माझ्याकडे.
पेनाला टोपण लावलं.
परत काढलं.